काटोलचा फेरा : तीन सायकली, चार टप्पे

मुलीने सायकल चालवू नये, असे आपल्या घरांत सहसा कोणी म्हणत नाही. तरीही मुलगी नववी-दहावीत गेली की तिची सायकल जिन्याखाली जाते. उघड मनाई कोणीच करत नाही. ट्यूशनसाठी ऑटो लावला जातो, चाकांतली हवा हळूहळू उतरते आणि एके दिवशी ती सायकल धाकट्या भावाच्या हाती दिली जाते. आमच्याही घरी असेच चालले होते.

आम्ही म्हणजे एकाच घराण्यातल्या तिघी : थोरल्या आपा, त्यांची भावजय आणि भावजयीची अकरावीतली लेक. आमचे घर नागपूरच्या जाफरनगर भागात आहे. हा लेख तिघींनी मिळून लिहिला आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हटले आहे. कोणा एकीबद्दल सांगायचे असेल तेव्हा नात्याने सांगू.

गेल्या पावसाळ्यात आपांच्या रक्ततपासणीत साखर वाढलेली निघाली. त्या शाळेत शिकवतात, वय सत्तेचाळीस. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज निदान अर्धा तास व्यायाम करायला सांगितले. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे सांगते. पण आपांचा गुडघा दुखतो, चालणे जमेना. तेव्हा लेक म्हणाली, “फुफी, माझी सायकल घ्या ना. सायकलवर वजन सीटवर पडतं, गुडघ्यावर नाही.” जिन्याखालची सायकल बाहेर निघाली ती अशी.

दादींचा प्रश्न

सुरुवातीला आपा फजरच्या नमाजनंतर गोरेवाडा तलावाच्या दिशेने एकट्याच जात. दोन आठवड्यांनी भावजयीने शेजारणीची पडून असलेली सायकल मागून घेतली. लेकीने मामेभावाची गिअरची सायकल आणली. तिघींना एकत्र निघताना पाहून घरातल्या दादींनी विचारले, “या वयात हे काय नवीन? मोहल्ल्यात लोक काय म्हणतील?”

दादींना उलट उत्तर द्यायची आमच्या घरात पद्धत नाही. आपांनी त्यांना फक्त एक हकीकत सांगितली. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली होती. अक्षरओळखीबरोबर तिथल्या खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत काम करणाऱ्या होत्या, अंगणवाडीच्या बाया होत्या आणि मुस्लिम घरांतल्या तरुण मुलीही होत्या. पाणी आणायला, बाजाराला, कामावर जायला त्यांना कोणाची वाट बघावी लागेना. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. दादींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “ओढणी चाकात जाऊ देऊ नका.” आम्ही ती परवानगी समजलो.

फेरा ठरला

हिवाळा लागेपर्यंत आमचा रोजचा पल्ला बारा-पंधरा किलोमीटरवर गेला. मग लेकीच्या डोक्यात मोठा बेत आला. नागपूर, कळमेश्वर, काटोल, कोंढाळी आणि परत नागपूर. काटोल रोडने जायचे आणि अमरावती रोडने यायचे, म्हणजे एकच रस्ता दोनदा लागत नाही. अंतर सुमारे १३५ किलोमीटर. तिने कागदावर चार टप्पे पाडले : नागपूर ते कळमेश्वर २३, कळमेश्वर ते काटोल ३८, काटोल ते कोंढाळी २५ आणि कोंढाळी ते नागपूर ५०.

आम्ही दोघी घाबरलो. लेकीने नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांचे उदाहरण दिले. त्यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. पुढच्या वर्षी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक असे ९,००० किलोमीटरहून जास्त अंतर त्यांनी पंधरा टप्प्यांत कापले. “एवढा मोठा देशसुद्धा टप्प्याटप्प्यानेच पार होतो,” असे तिचे म्हणणे. १९०३ साली पहिली ‘टूर द फ्रान्स’ झाली, तेव्हाही २,४२८ किलोमीटरचे सहा टप्पे केले होते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवले होते. विश्रांतीच्या दिवसांकडे तेव्हा आमचे लक्ष गेले नाही. पुढे तीच गोष्ट कामाला आली.

भाईजान, म्हणजे लेकीचे अब्बू, आपला छोटा हत्ती घेऊन मागे राहणार होते. त्यात पाणी, जादा ट्यूब, पंप, पान्हे, प्रथमोपचाराची पेटी आणि आपांचे साखर तपासायचे यंत्र ठेवले.

पहिला टप्पा : नागपूर ते कळमेश्वर

जानेवारीच्या अखेरचा रविवार होता. फजर पढून, दादींनी सवारीची दुआ म्हणवून घेतल्यावर आम्ही निघालो. सात वाजता काटोल नाका मागे टाकला. थंडीने बोटे ब्रेकवर आखडत होती. डाव्या-उजव्या हाताला गोरेवाड्याचे जंगल संपले, फेटरी गेले आणि शेते सुरू झाली. पऱ्हाटीवर शेवटची बोंडे लटकत होती, कुठे तुरीच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, हरभरा आणि गहू हिरवा होता.

या रस्त्याने जाताना चढ जाणवत राहतो. काटोल नागपूरपेक्षा सुमारे शंभर मीटर उंचावर आहे. गाडीत बसून हे कधी कळले नव्हते, पायांना लगेच कळले. पावणेनऊला कळमेश्वरला पोहोचलो. तिथे तर्री-पोहे खाल्ले, चहा घेतला. आपांनी साखर तपासली, ती ठीक होती. आम्ही खुश होतो. पण लेकीच्या कागदाप्रमाणे आम्ही वीस मिनिटे मागे पडलो होतो.

दुसरा टप्पा : संत्र्यांच्या बागांतून

काटोल दहा-बारा किलोमीटरवर राहिले तेव्हा भावजयीच्या सायकलची चेन उतरली. समोरच संत्र्याची बाग होती. बागेतले काका धुऱ्यावर येऊन उभे राहिले. “कुठून आल्या जी?” आम्ही सांगितले, नागपूरहून. “सायकलनं?” असे म्हणून त्यांनी आधी आम्हाला पाणी दिले आणि मग स्वतःच चेन बसवून दिली.

बागेत एकाच वेळी दोन ऋतू दिसत होते. काही झाडांवर पिवळी होत आलेली फळे होती, तर काहींवर पांढरी कळी फुटत होती. काकांनी समजावले. पावसाच्या सुरुवातीला फुलते तो मृग बहार, त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, त्याची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. आंबिया धरायचा तर थंडीत काही आठवडे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. मग पाणी सोडले की कळी फुटते. “ताण दिल्याबिगर फूल येत नाही,” काका म्हणाले, “पण ताण जास्त झाला तर झाडच वाळते. किती द्यायचा, ते झाडाकडं पाहून ठरवा लागते.”

कोळशी, डिंक्या, फळगळ यांबद्दलही ते बराच वेळ बोलले. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाव जगभर गेले. पण पावसाळ्यात फळ गळाले की बागेच्या मालकाला नावाचा काय उपयोग, असे त्यांचे म्हणणे होते.

भावजय बागवानांच्या घरातली आहे. तिचे आजोबा बाग फुलावर असतानाच सौदा करत आणि फळ उतरेपर्यंत बागेतल्या झोपडीत राहत. लहानपणी तिने ऐकलेले शब्द त्या दिवशी पहिल्यांदा झाडावर पाहिले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत फळांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हातगाडीवरच्या संत्र्याच्या मागे काकांसारखा शेतकरी आणि आजोबांसारखा बागवान असतो, हे आपल्या मुलांना कधी दाखवले पाहिजे.

निघताना काकांनी आठ-दहा संत्री पिशवीत टाकली. पैसे घेतले नाहीत.

काटोल, आणि पुढे आठ किलोमीटर

काटोलला पोहोचायला सव्वा वाजला. भाईजान जोहरच्या नमाजसाठी मशिदीत गेले आणि आम्ही ओळखीच्या एका घरी नमाज पढली. त्या घरच्यांनी वरण-भात, वांग्याची भाजी आणि पोळ्या असे साधेच पण मनापासून जेवू घातले. आपांनी मात्र अर्धी पोळी खाल्ली. “पोट जड झाले तर चढ चढवणार नाही,” म्हणाल्या. गोळी त्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे घेतली होती. आमची चूक झाली ती इथे. तेव्हा ती कोणाच्याच लक्षात आली नाही.

पावणेतीनला कोंढाळीचा रस्ता धरला. सात-आठ किलोमीटर गेल्यावर आपा मागे पडू लागल्या. लेकीने वळून पाहिले तर त्या सायकलवरून उतरून उभ्या होत्या. थंडीतही कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते. “काय झालं फुफी?” या प्रश्नाला त्यांनी भलतेच उत्तर दिले, शाळेच्या हजेरीबद्दल काहीतरी. आम्ही हबकलो. भाईजानांनी यंत्र काढले. साखर ५८ होती.

साखर ७० च्या खाली गेली तर ती कमी समजतात आणि लगेच उपाय करावा लागतो, हे आम्ही वाचलेले होते. पण वाचलेले आठवायला त्या वेळी अर्धे मिनिट गेले. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला दिली आणि पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासले. ८४. आपांच्या डोळ्यांत ओळख परत आली. मग पोळी आणि दोन खजुरा खाऊ घातल्या. रस्त्याकडेच्या निंबाखाली आम्ही पाऊण तास बसलो होतो. लेक आपांचा हात सोडत नव्हती. जिने हा बेत आखला, तिलाच सर्वांत जास्त भीती वाटली होती.

आपांची सायकल गाडीत चढली आणि त्या पुढच्या सीटवर बसल्या. बसताना म्हणाल्या, “माझा टप्पा इथे थांबला, संपला नाही.” आम्ही दोघी पुढे निघालो.

कोंढाळीचा निर्णय

कोंढाळीला पोहोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. सहा वाजून गेल्यावर मगरिब. पुढचे ५० किलोमीटर अमरावती महामार्गाचे, ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे. कागदावर आम्ही साडेतीनला इथून निघायचो होतो. कागदावर चेन उतरत नाही आणि साखरही.

लेक म्हणाली, “अब्बू, निदान गोंडखैरीपर्यंत जाऊ. दिवा आहे माझ्या सायकलला.” पाय चालत होते, हे खरे. पण अंधारात महामार्गावर दोन सायकली आणि मागे गाडीत नुकत्याच सावरलेल्या आपा, हे भाईजानांना पटेना. त्यांनी निर्णय भावजयीवर सोडला. तिने सायकली चढवायला सांगितले. अस्रची नमाज पढून आम्ही गाडीने निघालो. लेक वाडी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही.

घरी दादींनी दारातच विचारले, “झाला का फेरा?” कोणीच उत्तर देईना. शेवटी आपा म्हणाल्या, “तीन टप्पे झाले, अम्मी. माझे सव्वादोन.” दादी म्हणाल्या, “मग उरलेला पुढच्या इतवारी करा. रस्ता कुठे पळून जातो?” मोहल्ल्याची काळजी करणाऱ्या दादींचे हे बोल ऐकून लेक त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

उरलेले टप्पे

त्याच आठवड्यात आपा डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर रागावले, आणि ते योग्यच होते. एवढ्या श्रमाचा बेत त्यांना आधी सांगायला हवा होता. साखर कमी करणारी काही औषधे घेणाऱ्याने उपाशीपोटी किंवा अर्धपोटी लांब श्रम केले तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी त्या दिवसांसाठी गोळीचा डोस आणि खाण्याच्या वेळा ठरवून दिल्या. रमजान जवळ आला होता. रोजांबद्दलही स्वतःच्या मनाने ठरवू नका, त्यासाठी वेगळे येऊन भेटा, असे बजावले.

पुढच्या रविवारी सकाळी गाडीने कोंढाळी गाठले आणि तिथून सायकली सुरू केल्या. या वेळी भाचा गाडी चालवत होता आणि भाईजान स्वतः सायकलवर होते. सकाळी वाहतूक कमी असते. महामार्गाच्या कडेने एकामागे एक असे चाललो, शेजारी शेजारी एकदाही नाही. बाजारगाव, गोंडखैरी, वाडी. परतीचा रस्ता बराचसा उताराचा असल्याने चार तासांत शहर आले. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिच्या फाटकासमोर थांबून काकांच्या बागेतली शेवटची दोन संत्री सोलून वाटून खाल्ली. लेकीचा फेरा तिथे पूर्ण झाला.

आपांचे राहिले होते काटोलपुढचे सतरा-अठरा किलोमीटर. तिसऱ्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्यासोबत त्याच निंबाच्या झाडापाशी गेलो. निघण्याआधी त्यांनी साखर तपासली, पोटभर नाश्ता केला. दर अर्ध्या तासाला थांबलो. कोंढाळीला पोहोचायला दोन तास लागले. अल्हम्दुलिल्लाह, थोरल्या आपांचाही फेरा झाला. एका दिवसाचा बेत तीन रविवारांत पार पडला.

जायचे असेल तर

ज्या कुटुंबांना हा फेरा करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

सुरुवात धाकट्या फेऱ्याने करा. नागपूरहून कळमेश्वर, तिथून गोंडखैरीचा रस्ता आणि अमरावती रोडने परत. हा फेरा साधारण ५५ किलोमीटरचा आहे, सकाळी निघालात तर जोहरपर्यंत घरी येता. मोठा फेरा दोन किंवा तीन दिवसांत वाटा. साध्या सायकलवर ताशी बारा किलोमीटर धरा आणि थांबण्याचा वेळ वेगळा मोजा. काटोल रेल्वेमार्गावर आहे, एसटीही आहे, त्यामुळे कोणी थकले तर परतीची सोय होते.

काटोल रोडवर रुंदीकरणाची कामे चालू असतील तिथे खडी आणि वळणरस्ते जपून पार करा. हेल्मेट सर्वांना हवे. आम्ही त्याच्या आत घट्ट बसणारा सुती स्कार्फ बांधतो आणि ओढणी दोन्ही टोके खोचून घेतो. चेनवर कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असेल तर सलवार किंवा लांब कुर्ता अडकत नाही.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. साखर, खजूर आणि तपासायचे यंत्र मागच्या गाडीत नव्हे, सायकलच्या पिशवीत ठेवा. सोबतच्या प्रत्येकाला लक्षणे माहीत असावीत : थंड घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. साखर दिल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि नंतर काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखाना गाठा.

जानेवारी-फेब्रुवारी या फेऱ्यासाठी उत्तम. मार्चच्या मध्यापासून विदर्भाचे ऊन सायकलवाल्याला झेपणारे नाही.

आपांची तीन महिन्यांची साखर किती उतरली ते पुढच्या तपासणीत कळेल, इन्शाअल्लाह. त्याआधीच काही बदलले असेल तर ते घरात. लेक आता कॉलेजला सायकलने जाते. जिन्याखालची जागा रिकामी आहे, तिथे दादींनी पंप ठेवला आहे. लेक निघाली की त्या आतूनच आवाज देतात, “हवा बघितलीस का? ओढणी खोचलीस का?”